१२६ मिलिमीटरच्या चिमट्यात आठ गिअरचे चाक: मेळघाटातील एका जुन्या सायकलीचे प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण अमरावती जिल्ह्यातील मेळघाटात काम करणाऱ्या एका आरोग्य कार्यकर्त्याच्या सायकलीचे आहे. व्यक्ती, संस्था आणि दुरुस्तीचे दुकान यांची नावे वगळली आहेत. मोजमाप आणि नोंदी ठेवण्याचे काम प्रस्तुत लेखकाकडे होते. हत्यारे मुख्यतः परतवाड्याच्या एका अनुभवी कारागिराच्या हाती होती.

कार्यकर्ते पन्नाशी ओलांडलेले आहेत. सिपना नदीच्या खोऱ्यातील कोरकू वस्त्यांमध्ये ते वजनकाटा, औषधांची पेटी आणि नोंदवह्या घेऊन फिरतात. मोटारसायकल चालवता येत असूनही त्यांनी सायकल सोडलेली नाही, आणि त्यामागे हौसेपेक्षा सोय अधिक आहे. पावसाळ्यात ओढ्याला पाणी आले की सायकल खांद्यावर घेऊन पलीकडे जाता येते, आणि पेट्रोल पंप जवळ नसलेल्या भागात इंधनाची चिंता राहत नाही. सामान धरून मागच्या कॅरिअरवर सुमारे पंचवीस किलो भार असतो.

सायकल स्टीलच्या नळ्यांची, १९८०च्या दशकातील परदेशी बनावटीची टुरिंग सायकल आहे. संस्थेत काही काळ राहून गेलेल्या एका पाहुण्यांनी ती जाताना येथेच ठेवली होती. चाके ७०० सी मापाची, म्हणजे ज्यांच्या रिमवर टायर बसण्याचा व्यास ६२२ मि.मी. असतो अशी, पुढे आणि मागे ३६ स्पोक, ब्रेक रिमवर दाबणारे, गिअरचे लिव्हर खालच्या नळीवर, टकटक न करता केवळ घर्षणाने जागेवर राहणारे. पुढे ५२ आणि ४० दात्यांची दोन चक्रे होती आणि मागे १४ ते २८ दात्यांचे सहा चक्रांचे फ्रीव्हील. आपल्याकडच्या काळ्या सायकलीचे २८ बाय दीडचे टायर ६३५ मि.मी. व्यासाचे असल्याने ते या रिमवर बसत नाहीत, त्यामुळे या सायकलीचे टायर अनेक वर्षे नागपूरहून मागवावे लागत. हायब्रिड सायकली तालुक्याच्या गावांपर्यंत पोहोचल्यावर ही अडचण बरीच कमी झाली.

अडचण

दुकानात सायकल आली ती गिअरच्या तक्रारीमुळे. फ्रीव्हीलची लहान चक्रे झिजून दाते टोकदार झाले होते, नवी चेन टाकली की ती जोर लावताच घसरत होती आणि घाटात ४० बाय २८ हा सर्वांत हलका गिअरही कार्यकर्त्यांना जड जाऊ लागला होता. त्याच सुमारास त्यांच्या भाच्याच्या हायब्रिड सायकलीला अमरावतीत अपघात झाला. तिची ॲल्युमिनियमची फ्रेम तडकली आणि मागची रिम वाकली, मात्र आठ गिअरचा डिरेलर (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग), ११ ते ३४ दात्यांची कॅसेट, गिअरचा लिव्हर आणि मागचा हब चांगल्या स्थितीत राहिले. हे सुटे भाग मामांच्या सायकलीला लावावेत, असा भाच्याचा आग्रह होता.

मागचे चाक काढल्यावर मूळ दुखणे वेगळेच निघाले. हबचा एक्सल उजव्या कोनाजवळ, म्हणजे छर्ऱ्यांना टेकणाऱ्या शंकूच्या आकाराच्या नटाजवळ, तुटून त्याचे दोन तुकडे झाले होते. क्विक रिलीजची बारीक सळई पोकळ एक्सलमधून आरपार जात असल्याने ते तुकडे एकमेकांना धरून होते आणि सायकल तशीच चालत राहिली होती. चाक किंचित डुलते एवढेच कार्यकर्त्यांच्या लक्षात आले होते. विचारपूस केल्यावर कळले की याआधीही एक्सल याच जागी तुटला होता आणि तेव्हा नवा टाकून विषय संपवला होता.

एक्सल पुन्हा त्याच जागी तुटतो तेव्हा धातूला दोष देण्यापूर्वी हबची रचना पाहावी लागते. जुन्या पद्धतीच्या हबवर फ्रीव्हील आट्यांवर फिरवून बसवलेले असते आणि उजवीकडचे छर्रे हबच्या पोटात, फ्रीव्हीलच्या आतल्या बाजूला राहतात. तेथून चिमट्याच्या, म्हणजे मागचे चाक दोन्ही बाजूंनी धरणाऱ्या फ्रेमच्या भागाच्या, खाचेपर्यंत एक्सलचा सुमारे तीन सेंटिमीटरचा भाग आधाराशिवाय राहतो. काळ्या सायकलीच्या एकेरी फ्रीव्हीलला ही लांबी फार थोडी असते, म्हणून पोती वाहूनही तिचा एक्सल सहसा टिकतो. मागची चक्रे पाच, सहा, सात अशी वाढत गेली तसा हा निराधार भागही वाढला आणि भार, खड्डे आणि चेनची ओढ यांचा सगळा वाक त्याच जागी येऊ लागला. सायकलीचे भाग बनवणाऱ्या शिमानो कंपनीने १९७८ मध्ये ड्युरा-एस मालिकेत आणलेल्या फ्रीहबमध्ये फ्रीव्हीलची यंत्रणा हबला जोडलेल्या नळकांड्यात येऊन हबचाच भाग झाली आणि उजवीकडची छर्ऱ्यांची वाटी त्या नळकांड्याच्या बाहेरच्या टोकाशी, चिमट्याच्या अगदी जवळ सरकली. चक्रांचा संच, म्हणजे कॅसेट, नळकांड्याच्या खाचांवर सरकवून वरून कडीने आवळला जातो. एक्सलला मिळणारा आधार हाच जुन्या आणि नव्या हबमधला महत्त्वाचा फरक आहे. गिअर किती बसतात हा प्रश्न त्यानंतरचा.

मोजमाप

काहीही विकत घेण्यापूर्वी तीन मापे घेतली. मागच्या चिमट्याच्या दोन खाचांमधील आतले अंतर १२६ मि.मी. भरले, सहा आणि सुरुवातीच्या सात गिअरच्या रोड सायकलींचे ते नेहमीचे माप आहे. भाच्याच्या हायब्रिडचा हब १३५ मि.मी.चा होता, म्हणजे नऊ मिलिमीटर अधिक रुंद. त्याला स्पोकची भोके ३२, तर जुन्या रिमला ३६. त्यामुळे तो हब या रिममध्ये विणण्याचा विचार तेथेच संपला. तिसरे माप रिमच्या भिंतींचे. ब्रेक घासून भिंत आत दबली आहे का, हे पोलादी पट्टी आडवी धरून पाहिले. झीज होती, पण बेताची. पट्टीने भिंत दिसते. स्पोकच्या भोकांभोवतीचा धातू किती थकला आहे, ते मात्र कळत नाही. पुढे या गोष्टीला महत्त्व आले.

पर्याय

पहिला पर्याय कारागिराने ताबडतोब सुचवला. “सर, सात गिअरचं फ्रीव्हील अन् नवा एक्सल टाकून देतो, संध्याकाळी गाडी घेऊन जा जी.” तांत्रिकदृष्ट्या यात चूक काही नव्हते. फ्रीव्हीलचे आटे १.३७ इंच व्यासाचे, इंचाला २४ असे असतात आणि आजही बाजारात सहज मिळणारी सात गिअरची साधी फ्रीव्हील याच आट्यांवर बसतात. १४ ते ३४ दात्यांचे फ्रीव्हील घेतले असते तर घाटाची तक्रारही मिटली असती. सातव्या चक्रामुळे सर्वांत लहान चक्रावरची चेन चिमट्याला घासू नये म्हणून एक्सलवर एखादा वायसर वाढवावा लागला असता, एवढेच. हा सर्वांत स्वस्त मार्ग होता. कार्यकर्त्यांचा प्रतिप्रश्न मात्र नेमका होता: “भाऊ, एक्सल पुन्हा जंगलात तुटला तर मी काय करू?” या प्रश्नाला पहिल्या पर्यायात उत्तर नव्हते. सहाची सात चक्रे केल्याने निराधार लांबी उलट थोडी वाढणार होती.

दुसरा पर्याय भाच्याचा ३२ भोकांचा हब वापरून त्यासाठी नवी रिम घेण्याचा. हब फुकट मिळत होता, पण १२६चा चिमटा १३५पर्यंत फाकवावा लागला असता आणि एवढ्या भाराखाली मागच्या चाकाला चार स्पोक कमी पडले असते. ही संख्या किरकोळ वाटते खरी. परंतु खडीच्या रस्त्यावर एक स्पोक तुटल्यावर चाक घरापर्यंत नेता येते की नाही, ते उरलेल्या स्पोकांवर ठरते.

तिसरा पर्याय कारखान्यात विणलेले तयार चाक घेण्याचा. अमरावतीत चौकशी केली तेव्हा ७०० सी मापाची जी चाके लगेच मिळत होती ती डिस्क ब्रेकची होती आणि त्यांच्या रिमला ब्रेकचे रबर घासण्यासाठी सपाट भिंतच नव्हती. या सायकलीवर त्यांचा उपयोग शून्य. जुन्या सायकलीसाठी तयार चाक मागवणाऱ्या अनेकांच्या हे वेळेवर लक्षात येत नाही, म्हणून येथे नोंदवले आहे.

चौथा पर्याय जुनी रिम ठेवून ती ३६ भोकांच्या नव्या कॅसेट हबवर विणण्याचा, आणि त्यासाठी स्टीलचा चिमटा १३० मि.मी.पर्यंत फाकवण्याचा. यात मजुरी सर्वांत जास्त होती आणि चाक विणणे व फ्रेम वाकवणे ही दोन्ही कामे नीट करणारा माणूस हवा होता. तो परतवाड्यात होता.

निर्णय

चौथा पर्याय निवडला. पण त्याच्या पोटात आणखी तीन लहान निर्णय होते आणि चर्चा खरी त्यांच्यावरच रंगली.

पहिला निर्णय रुंदीचा. बाजारात ३६ भोकांचा जो हब मिळाला तो १३५ मि.मी.चा. तो तसाच ठेवून चिमटा नऊ मिलिमीटर फाकवावा, की हब १३० मि.मी.वर आणून चिमटा चारच मिलिमीटर फाकवावा? हब अरुंद करण्यासाठी डावीकडचे पाच मि.मी.चे स्पेसर काढावे लागतात आणि एक्सलही तेवढाच आखूड करावा लागतो. असे केले की चाकाचा मध्य उजव्या फ्लँजकडे (हबच्या स्पोकची भोके असलेल्या कडेकडे) अडीच मिलिमीटर सरकतो, उजवीकडचे स्पोक अधिक उभे होतात आणि चाक मध्यावर ठेवण्यासाठी ते जास्त ताणावे लागतात. उलट, नऊ मिलिमीटर फाकवल्यास चिमट्याच्या दोन बाजू असमान वाकण्याचा आणि पुलाजवळच्या, म्हणजे दोन बाजूंना जोडणाऱ्या आडव्या नळीजवळच्या, जोडावर ताण येण्याचा धोका वाढतो. म्हणजे त्रास चाकाने सोसायचा की फ्रेमने, हे ठरवायचे होते. चाक पुन्हा विणता येते, चाळीस वर्षांची फ्रेम पुन्हा मिळत नाही, या कारणाने १३० मि.मी. ठरले. हा सगळा विचार स्टीलच्या फ्रेमपुरताच आहे; ॲल्युमिनियमची फ्रेम अशी वाकवणे म्हणजे तिला तडा जाण्याचे आमंत्रण, आणि तेथे मापाचेच चाक शोधावे लागते.

दुसरा निर्णय बेअरिंगचा. दुकानात बंद बेअरिंगचा हब आणि सुट्या छर्ऱ्यांचा हब असे दोन्ही दाखवण्यात आले. बंद बेअरिंगमध्ये चिखल कमी शिरतो, हे खरे. कारागिराने मात्र सुट्या छर्ऱ्यांचा हब घ्यायला लावला, कारण पाव इंची छर्रे आणि ग्रीस धारणीच्या आठवडी बाजारातही मिळते, तर बंद बेअरिंग ठोकून बसवण्याची साधने वस्त्यांकडच्या दुकानांत नसतात. शिवाय दाखवलेल्या बंद बेअरिंगच्या हबात उजवे मुख्य बेअरिंग हबच्या पोटातच होते. कॅसेट हब म्हटले की छर्रे टोकाशीच असतील असे गृहीत धरता येत नाही, म्हणून घेतलेला हबही आधी उघडून, उजवी वाटी बाहेरच्या टोकाशी आहे याची खात्री करूनच घेतला.

तिसरा निर्णय गिअरच्या लिव्हरचा आणि तो भाच्याला रुचला नाही. हायब्रिडचा टकटक करणारा लिव्हर सरळ हँडलच्या २२.२ मि.मी. नळीसाठी असतो, या सायकलीच्या वळणदार हँडलची नळी २३.८ मि.मी.ची आहे आणि तिच्यावर तो चढत नाही. हँडलच बदलावे असे भाच्याचे म्हणणे होते. कार्यकर्त्यांनी जुने घर्षणाचे लिव्हर ठेवले. माझ्या मते या प्रकरणातला हा सर्वांत शहाणा निर्णय होता. टकटक करणारी पद्धत शिमानोने १९८४ मध्ये ड्युरा-एसमध्ये आणली, तेव्हापासून लिव्हर, डिरेलर आणि चक्रांमधले अंतर ही तिन्ही एकमेकांशी बांधली गेली. सात गिअरच्या कॅसेटमध्ये एका चक्रापासून दुसऱ्या चक्रापर्यंतचे अंतर ५ मि.मी., आठमध्ये ४.८ आणि नऊमध्ये सुमारे ४.३५ असते. घर्षणाच्या लिव्हरला या आकड्यांशी देणेघेणे नसते. उद्या आठची कॅसेट मिळाली नाही तर नऊची बसवता येईल, सायकल तरीही चालेल. फक्त गिअर कानाने आणि हाताने लावावा लागेल, जो हे गृहस्थ कित्येक वर्षे तसाच लावत आले आहेत.

प्रत्यक्ष काम

पहिले काम जुने फ्रीव्हील काढण्याचे, आणि ते स्पोक कापण्यापूर्वीच करावे लागते. चाक विणलेले असेपर्यंत रिम दोन्ही हातांनी धरून जोर लावता येतो; स्पोक कापल्यावर हातात फक्त हबची गुळगुळीत नळी उरते आणि वर्षानुवर्षे पायडलने घट्ट होत गेलेले फ्रीव्हील तिच्यावरून निघत नाही. येथे जुना हब पुन्हा वापरायचा नव्हता, त्यामुळे कोणी म्हणेल की ते काढण्याची गरजच नव्हती. परंतु उजवीकडचे स्पोक फ्रीव्हीलच्या मोठ्या चक्रामागे अडकलेले असतात आणि हब शाबूत ठेवला तर पुढे एखाद्याच्या कामी येतो.

या फ्रीव्हीलला दोन खाचांचा विशिष्ट पाना लागतो आणि तो परतवाड्यात नव्हता. कारागिराने छिन्नीने खाचांवर ठोकून पाहिले, खाचांचे कोपरे उडाले. तेव्हा फ्रीव्हील मोडून काढायचे ठरले. पुढच्या तबकडीला उलटे आटे असतात, म्हणून ती घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवून सोडवावी लागते. ती सुटताच बारीक छर्रे, कुत्रे (फ्रीव्हील एकाच दिशेने अडवणारे खटके) आणि त्यांच्या स्प्रिंगा खाली पसरलेल्या पोत्यावर पडल्या. उरलेला आतला गाभा बाकड्यावरच्या शिकंज्यात आवळला आणि दोघांनी रिम धरून चाक उलट फिरवले. मोठा आवाज होऊन आटे सुटले. हब शाबूत राहिला.

नंतर चिमटा. कारागिराने बसस्टँडजवळच्या वेल्डिंगच्या दुकानातून लांब पट्टी आणली आणि दोन्ही बाजू आळीपाळीने, थोड्या थोड्या जोराने बाहेर घेतल्या. स्टील दाबल्यावर बरेचसे परत येते, म्हणून हवे त्यापेक्षा जास्त दाबावे लागते आणि दर वेळी मोजावे लागते. चार मिलिमीटरची वाढ दोन्ही बाजूंना दोन-दोन अशी विभागली गेली पाहिजे. त्यासाठी एका खाचेतून दोरा काढून तो हँडलखालच्या नळीला वळसा घालून दुसऱ्या खाचेपर्यंत ताणला आणि सीटच्या नळीपासून दोऱ्याचे अंतर दोन्हीकडे तपासले. एका बाजूचा दोरा एक मिलिमीटर जवळ निघाला, ती बाजू पुन्हा दाबली. अंतर वाढल्यावर खाचा समांतर राहत नाहीत, पुढे-मागे किंचित तिरप्या होतात. एक्सल त्यात आवळला की तो वाकतो आणि सगळी खटाटोप वाया जाते. खाचा समांतर करण्याची खास हत्यारे नव्हती. दोन जुने एक्सल दोन्ही खाचांत आवळून त्यांची टोके समोरासमोर आणली आणि ती एका रेषेत येईपर्यंत खाचा मोठ्या पान्याने जुळवल्या.

डिरेलर जेथे लटकतो त्या कानालाही हाच नियम लागू आहे. त्याचे आटे १० मि.मी. व्यासाचे, १ मि.मी. अंतराचे असतात आणि मागच्या एक्सलचेही नेमके तेच. म्हणून दुसऱ्या सायकलीचे मागचे चाक, एक्सलचे टोक कानात फिरवून, तेथेच उभे केले आणि दोन्ही चाकांमधले अंतर वर, खाली, पुढे आणि मागे मोजले. कान आत वळलेला होता. तो सरळ केला. याला पैसे लागत नाहीत आणि गिअर नीट न लागण्याची निम्मी कारणे येथेच सापडतात.

विणण्यासाठी रिमचे आतले माप हवे होते. ज्ञात लांबीचे दोन स्पोक समोरासमोरच्या भोकांत निपलसह घालून त्यांच्या टोकांमधले अंतर मोजले आणि दोन्ही लांबी त्यात मिळवल्या: ६०६ मि.मी. त्यावरून तीन काट्यांच्या, म्हणजे प्रत्येक स्पोक इतर तीन स्पोकांना छेदतो अशा, विणीसाठी उजवीकडे २९२ आणि डावीकडे २९३ मि.मी. लांबी निघाली. नागपूरच्या दुकानात २९२ आणि २९४ मिळाले. डावीकडे एक मिलिमीटर जास्त चालून गेला. स्पोक दोन मिलिमीटर जाडीचे घेतले. काळ्या सायकलीचे स्पोक गावोगावी मिळतात, पण त्यांची लांबी येथे जुळत नाही. म्हणून दोन्ही लांबींचे काही जादा स्पोक सीटच्या नळीला चिकटपट्टीने बांधून ठेवले आहेत.

चाक विणून त्याचा आऊट काढल्यावर, म्हणजे स्पोक कमी-जास्त ताणून डुलणे घालवल्यावर, कॅसेट चढवली. कॅसेट काढताना ती धरण्यासाठी लागणारा पाना कारागिराने लोखंडी पट्टीला जुन्या चेनचा तुकडा जोडून स्वतःच केला आहे. आठ गिअरची चेन जुन्या चेनपेक्षा अरुंद असूनही पुढच्या जुन्या चक्रांवर ती अडखळली नाही. मागे ११ ते ३४ म्हणजे २३ दात्यांचा आणि पुढे १२ दात्यांचा फरक, मिळून ३५ दात्यांची ढिलाई डिरेलरला ओढून घ्यावी लागते. जुन्या आखूड डिरेलरला ते जमले नसते. हायब्रिडच्या लांब पायाच्या डिरेलरने ते सहज केले. भाच्याच्या सायकलीतून शेवटी डिरेलर, कॅसेट आणि चेन एवढेच कामी आले.

निष्पत्ती

सर्वांत हलका गिअर आता ४० बाय ३४ झाला. पायडलच्या एका फेऱ्यात सायकल पूर्वी सुमारे ३.१ मीटर पुढे जात असे, आता सुमारे २.५ मीटर जाते. घटांगकडच्या चढावर कार्यकर्ते भारासह बसून चढतात, उतरावे लागत नाही. एक्सल पुढच्या पावसाळ्यात उघडून पाहिला तेव्हा सरळ होता. उजव्या वाटीत पाणी शिरून ग्रीस पांढरे पडले होते, ते साफ करून छर्रे बदलले. हे काम कार्यकर्त्यांनी स्वतः, कोनाच्या पातळ पान्यांनी केले.

रिमने मात्र दगा दिला. पावसाळ्यानंतर उजव्या बाजूच्या काही भोकांभोवती केसासारख्या चिरा दिसल्या. अरुंद केलेल्या हबमुळे उजवीकडच्या स्पोकांचा ताण जुन्या चाकापेक्षा जास्त होता आणि चाळीस वर्षांच्या ॲल्युमिनियमला तो सोसला नाही. तोपर्यंत रिम ब्रेकची, ३६ भोकांची नवी रिम मिळवण्यात यश आले होते आणि तिचे आतले माप ६०४ मि.मी. होते. व्यासातला दोन मिलिमीटरचा फरक स्पोकच्या लांबीत एकच मिलिमीटर होतो, म्हणून जुनेच स्पोक ठेवता आले. नवी रिम जुनीला चिकटपट्टीने शेजारी बांधून एकेक स्पोक इकडून तिकडे हलवला, त्यामुळे वीण पुन्हा जुळवण्याचा वेळ वाचला. जुनी रिम आता दुकानात नव्या मुलांना आऊट काढायला शिकवण्यासाठी टांगलेली आहे.

वेगळे काय करता आले असते

रिम पहिल्याच खेपेला बदलणे शक्य होते का, हा प्रश्न कारागिराने स्वतः काढला. विणण्याची मजुरी रिमच्या किमतीच्या तुलनेत लहान नाही आणि एकाच चाकाचा आऊट दोनदा काढावा लागला. ज्या रिमचे वय हबपेक्षा तीस-चाळीस वर्षांनी जास्त आहे ती नव्या हबवर चढवताना भिंतीची जाडी चांगली आहे एवढ्यावर भरवसा ठेवता येत नाही. भोकांभोवती भिंगाने पाहिले असते तर सुरुवातीच्या चिरा कदाचित तेव्हाच दिसल्या असत्या. दुसऱ्या बाजूने, त्या वेळी योग्य रिम जवळपास मिळत नव्हती आणि वस्त्यांच्या भेटी थांबवून तिची वाट पाहणे कार्यकर्त्यांना मान्य नव्हते. मिळेपर्यंत जुनी रिम कमी ताणावर, कमी भारासह चालवणे हा मधला मार्ग होता. तो सुचवला गेला नाही.

रुंदीचा निर्णय मात्र आजही तसाच घ्यावा असे वाटते. १३५ मि.मी. ठेवले असते तर उजवीकडचा ताण कमी राहिला असता आणि रिमही काही काळ अधिक टिकली असती. पण चिमट्याची एक बाजू चारच मिलिमीटरच्या कामात हट्टी निघाली होती, नऊ मिलिमीटरला ती कशी वागली असती याची खात्री देता येत नाही. ज्यांच्या फ्रेमचा चिमटा लांब आणि नळ्या बारीक आहेत, त्यांच्याबाबतीत हिशेब निराळा होऊ शकतो.

पहिला पर्याय नाकारताना कारागीर नाराज झाला होता, कारण त्याच्या अनुभवात सात गिअरचे फ्रीव्हील हजारो किलोमीटर विनातक्रार चालते. तेही खोटे नाही. हलक्या अंगाचा, सामान न वाहणारा, डांबरी रस्त्यावर शाळेत किंवा बाजारात जाणारा स्वार असता तर तेच उत्तर योग्य ठरले असते, आणि तुटलेला एक्सल पहिल्यांदाच तुटला असता तरीही. येथे निर्णय फिरला तो एक्सल दुसऱ्यांदा त्याच जागी तुटल्यामुळे. आधीच्या दुरुस्तीची नोंद कोठेही नव्हती, ती कार्यकर्त्यांच्या आठवणीतून मिळाली. त्यांना विचारले नसते तर सायकल त्याच संध्याकाळी सात गिअर घेऊन घाटात गेली असती. तेव्हापासून दुकानात तुटलेला भाग गिऱ्हाइकाच्या पिशवीत तारखेच्या चिठ्ठीसह परत दिला जातो.

पुढच्या चाकाला हात लावलेला नाही. त्याच्या हबची रुंदी १०० मि.मी. असून रिम ब्रेकच्या सायकलींमध्ये ती आजही तीच आहे; त्याची रिम मागच्याच वयाची असल्याने ती पुढच्या उन्हाळ्यात, पावसाआधी बदलायची आहे.